मानाच्या चटईखाली

चटई मागायला लेउतु स्वतः उठून बहिणीपुढं जाऊन बसला, तेव्हाच घरातल्यांना कळलं की या खेपेला पाणी गळ्याशी आलंय. एरवी घराण्याचा कारभारी तो. खांबाला पाठ लावून नुसती मान हलवायचा, की डुकरं कापली जायची, सोयरिकी जुळायच्या नाहीतर मोडायच्या. पण मानाच्या चटया बायकांच्या. बायका विणतात, बायका जपतात, आणि द्यायची की नाही तेही बायकाच ठरवतात. तिथं कारभाऱ्याला हात पसरावा लागतो.

“आक्का,” तो म्हणाला, “आईची चटई काढ.”

 मांडीवर वाळलेल्या केवड्याच्या पाती घेऊन वाइतोआ नखानं त्यांच्या बारीक पट्ट्या काढत बसली होती, तशीच काढत राहिली.

बोलली ती तिची पोरगी, रूता. “शेवटची आहे ती. आधीच्या दोन कुठं गेल्या, मामा? एक सेमोच्या घरात, आपल्या पोआसाच्या दगडानं त्याचे दात पडले म्हणून. दुसरी मास्तरांकडं, यानं त्यांची होडी जाळली म्हणून. आता ही गेली की पुढच्या वेळी काय न्याल? पोतं?”

“हळू बोल.”

आमच्या बेटावर घराला भिंती नसतात. खांब आणि वर छप्पर, झालं घर. वारा झकास लागतो, पण भांडण मात्र कुजबुजत करावं लागतं. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख नुकताच वाजून गेला होता, गाव आपापल्या घरात बसलेलं, आणि आठवडाभर गावाला दुसरा विषय नव्हता. शेजारची म्हातारी देवाचं गाणं म्हणता म्हणता मधेच थांबली की समजायचं, कान इकडं लागलेत.

ज्याच्यावरून हे सगळं, तो पोआसा सगळ्यांच्या मागं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. वाइतोआचा थोरला, रूताचा भाऊ. जामिनावर सुटून आलेला. बसवाला लाफाएले याचा लहानपणापासूनचा दोस्त. पोआसा पिऊन बसमध्ये चढला, एका बाईच्या अंगावर पडला, म्हणून लाफाएलेनं त्याला खाली उतरवलं. एवढंच घडलं होतं. हा घरी गेला, कोयता घेऊन आला आणि परतीच्या फेरीला रस्त्यात उभा राहिला. लाफाएलेचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. डॉक्टरांनी शिवला, पण बोटं मिटेनात. आणि बोटं मिटत नसतील तर माणूस बस कशी चालवणार?

“माझं ऐका सगळे,” लेउतु म्हणाला. “उद्या पहाटे आपण लाफाएलेच्या आईच्या, सालोमेच्या अंगणात जाऊन बसू. डोक्यावर चटई घेऊन, खाली मान घालून. तिनं चटई उचलली की माफी झाली. मग तीच कोर्टाला सांगेल, आमचं मिटलं. सोमवारी राजधानीत, आपियाच्या कोर्टात जजला तेवढं पुरतं. मागं दोनदा पुरलं. मग याला न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला धाडू. माझं बोलणं झालंय. इथं राहिला तर बिघडेल.”

“तिथं दारू मिळत नाही वाटतं?” रूता म्हणाली.

लेउतुचा धाकटा भाऊ इओसुआ फिसकन हसला. “मिळते की. इथल्यापेक्षा चांगली मिळते.” थोरल्यानं बघितलं तसा तो सावरला. “नाही, मी आपलं ऐकलेलं सांगितलं.”

“मामा, त्या दारूवाल्यांच्या कोर्टाचं काय झालं?” रूता पुढं सरकली. “तिथली बाई मला अर्धा दिवस समजावत होती. गुन्हा कबूल करायचा, दारू सुटत नाही हेही कबूल करायचं. मग ते शिक्षा लांबवतात. औषध देतात, शिकवणी असते, दर पंधरवड्याला जजपुढं हजेरी. नीट पार पाडलं तर शिक्षेत सूट.”

“आणि घराण्याचं पोर भर कोर्टात उभं राहून म्हणणार, मी दारुडा? दर पंधरवड्याला? माझ्या बापाचं नाव माझ्या डोक्यावर आहे, पोरी.”

“गावात कुणाला माहीत नाही, मामा? फक्त आपल्याच घरात माहीत नाही.”

शेजारचं गाणं थांबलं. सगळे गप्प बसले. गाणं पुन्हा सुरू झालं.

“शुद्धीत असताना यानं कधी कुणाला बोट लावलंय?” रूता आता अगदी हळू बोलत होती. “तिन्ही वेळा पोटात बाटली होती. ती बाई म्हणाली, माणूस पुन्हा गुन्हा करतो त्याला दहा कारणं असतात. काही आता बदलता येत नाहीत. आमचा बाप लवकर मेला, ते कोण बदलणार? पण दारू बदलता येते. तिच्यावर उपचार आहे. ते एक कारण काढलं तरी पुढचा कोयता उठायची भीती किती कमी होते.”

“बाटलीनं कोयता उचलला का? मग बाटलीलाच घाला की तुरुंगात.”

“तुरुंगात घालून तरी काय? बाहेर आल्यावर पहिलं काय करील हा? दुकान गाठील.”

“पोरगी काही खोटं बोलत नाही, दादा,” इओसुआ म्हणाला.

“तू मघाशी माझ्या बाजूनं होतास.”

“मघाशी तिनं हे सांगितलं नव्हतं.”

आता सगळे वाइतोआकडं बघायला लागले. आमच्यात भाऊ कितीही मोठा झाला तरी बहिणीच्या शब्दापलीकडं जात नाही. तिच्यावर आवाज चढवत नाही, चारचौघांत तिची मान खाली जाईल असं काही बोलत नाही. बहिणीचा शाप लागतो म्हणतात. लेउतु गावाला भ्यायचा नाही, पण याला भ्यायचा. वाइतोआ नाही म्हणाली असती तर विषय तिथंच संपला असता.

वाइतोआनं पाती बाजूला ठेवल्या. उठून मागं गेली, पेटी उघडली आणि चटई घेऊन आली. रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसांची झालर. तिच्या आईनं ही विणता विणता डोळे घालवले होते.

“आई!” रूता म्हणाली.

“पोरगं जेलात गेल्यावर ही पेटीत ठेवून काय करू?” वाइतोआ म्हणाली. “पूजा करू?”

 पण रूता मामावर गेलेली. हरता हरता एक वचन घेतल्याशिवाय उठायची नाही. “मग या खेपेला हा स्वतः बसेल. मागच्या दोन्ही वेळा मामा उन्हात बसले, आणि हा घरात घोरत होता.”

लेउतुनं पोआसाकडं बघितलं. मागच्या दोन्ही वेळा त्याला कुणी हे विचारलंच नव्हतं. “बसशील?”

“बसतो,” पोआसा म्हणाला. अख्ख्या संध्याकाळात तेवढाच एक शब्द.

“तोवर थेंब नाही.”

“एकदम तोडायची नसते, मामा,” रूता घाईनं म्हणाली. “त्या बाईनं बजावलंय. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येतात, जीवसुद्धा जातो. दवाखान्यात औषध देऊन सोडवतात. आत्ता नर्सला बोलावून—”

“नर्स आली की गाव विचारणार, याला काय झालंय म्हणून. घाम येईल, जाईल. आम्हीपण तरुण होतो.”

“तुम्ही कधी प्यालात, मामा?”

“नाही प्यालो. म्हणूनच सांगतोय.”

 रूता उठून गेली.

*

कोंबडा आरवायच्या आधी वाइतोआ चुलीपाशी आली तर पोआसा तिथंच बसलेला. गुडघे छातीशी, अंगावर पातळ चादर, ती घामानं भिजलेली. बाजूला ओकारी. दात असे वाजत होते की तिला आधी वाटलं, घूस काहीतरी कुरतडतेय.

“आई, मला नाही बसता येणार.”

“असं कसं? बसावं लागेल.”

“हे बघ.” त्यानं हात पुढं केले. हात कसले, पकडून आणलेले मासे. “चटई टिकेल का माझ्या डोक्यावर? तिची पोरं बघतील. म्हणतील, भित्रं कुठलं. मामाला सगळ्यांदेखत…”

“पाणी पी.”

“राहत नाही पोटात.” मग तो तिच्याकडं न बघता म्हणाला, “घोटभर दे. बसण्यापुरती. पिण्यासाठी नाही मागत, आई. बसण्यासाठी मागतोय.”

“कुठून देऊ? घरात नाही.”

“खोबरेल तेलाच्या बाटल्यांमागं आहे.”

वाइतोआला वाटायचं, ते त्याला ठाऊक नाही. दुकानातली ती पांढरी दारू ती स्वतः आणून ठेवायची. हा रस्त्यावर पिऊन पडण्यापेक्षा, कुणाच्या अंगावर जाण्यापेक्षा, घरात आपल्या डोळ्यांसमोर थोडी घेतलेली बरी, असा तिचा हिशेब. कुणाला सांगितला नव्हता. सांगितला असता तर दुसऱ्यानं त्यातली चूक दाखवली असती, आणि चूक तिला आधीच दिसत होती.

पोआसाचं डोकं मागं झुकलं, डोळे पांढरे झाले. क्षणभरच. पण तिनं ते बघितलं. रूताचे शब्द कानात होते: झटके येतात, जीवसुद्धा जातो. नर्सचं घर चर्चच्या पलीकडं. तिथवर जायचं तर अर्ध्या गावाच्या अंगणांसमोरून जायचं.

तिनं नारळाच्या करवंटीत ओतली. करवंटी त्याच्या दातांवर खडखडली, म्हणून तिनं हातानं त्याची हनुवटी धरली, तान्हा असताना धरायची तशी. थोड्या वेळानं थरथर उतरली. चेहऱ्यावर रंग आला. आपलं पोरगं परत आलं, असं तिला वाटलं.

“पानं चाव,” ती म्हणाली. “पेरूची पानं चाव भरपूर.”

*

उजाडता उजाडता ते सालोमेच्या अंगणात बसले. पुढं लेउतु आणि पोआसा, दोघांवर मिळून एक चटई. मागं इओसुआ, रूता आणि भावकीतली माणसं, माना खाली घालून. समोर सरपणाची मोळी आणि चुलीतले दगड मांडून ठेवलेले. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: आम्हाला मारायचं तर मारा, भाजायचं तर भाजा, सामान आम्हीच आणलंय. याला इफोगा म्हणतात. एकदा बसलं की समोरच्यानं चटई उचलेपर्यंत हलायचं नाही. दगड आला तर दगड खायचा.

चटईखाली अंधार होता. जुन्या केवड्याचा वास. लेउतुला तो वास ओळखीचा, आईच्या मांडीचा. त्यात दुसरा वास मिसळला तेव्हा त्याला आधी खरंच वाटेना. त्यानं नाकानं श्वास ओढला. पेरूची पानं. आणि पानांच्या खाली ती.

“तू प्यालास.”

पोआसानं तोंड पलीकडं वळवलं.

“पोआसा. तू प्यालास?”

“हो, मामा.”

“या चटईखाली?” लेउतुला ओरडता येत नव्हतं. ओठ न हलवता, मान न हलवता, फुसफुसत भाच्याला शिव्या कशा घालायच्या, हे आजवर कुठल्या कारभाऱ्याला करावं लागलं नसेल. “माझ्या आईच्या चटईखाली पिऊन बसलास? बाहेर लाफाएलेचे दोन भाऊ वल्ही घेऊन उभे आहेत. वास गेला तर इथंच आपली माती होईल. मागं तुझी बहीण बसलीय, बेण्या.”

“हात थांबत नव्हते. असा बसलोच नसतो.”

“कुणी दिली?”

“मीच शोधली.”

खोटं होतं. लेउतुला लगेच कळलं, आणि खरं काय तेही कळलं. घरात चुलीपाशी दुसरं कोण होतं? पण त्या वाटेनं पुढं जायची त्याला सोय नव्हती. तिथं आक्का बसली होती.

बाहेर कुणीतरी खाकरलं. पायांचा आवाज आला, थांबला, परत गेला.

मागच्या दोन्ही वेळा लेउतु चटईखाली एकटा बसला होता. खरं सांगायचं तर त्याला तेव्हा थोडं बरंच वाटलं होतं. चटई उचलली गेली की लोक म्हणायचे, काय कारभारी आहे, भाच्यासाठी मान खाली घातली. घरी गेल्यावर डुक्कर कापलं जायचं. भाचा प्यालेला असताना कसा असतो, त्याच्या अंगाला काय होतं, श्वास कसा चालतो, हे इतक्या जवळून त्याला आज पहिल्यांदा कळलं. कुत्र्यासारखी धाप चालली होती.

“मजा येते म्हणून पितोस?” त्यानं विचारलं. आवाजातला राग कुठं गेला ते त्यालाही कळलं नाही.

“मजा संपली केव्हाच. आता नुसतं सरळ उभं राहायला लागते.”

“मग सोडत का नाहीस?”

“सोडायचं ठरवतो त्या दिवशी जास्त पितो.” पोआसा थांबला. “मामा, मला त्याचा हात आठवतच नाही. बसचा हॉर्न आठवतो. नंतर पोलिसांच्या गाडीतलं. मधलं सगळं लोकांनी सांगितलेलं. मी माफी मागतोय ती ऐकीव गोष्टीची.”



पावलं पुन्हा आली. या वेळी थांबली नाहीत. “तोंड माझ्याकडं कर,” लेउतु फुसफुसला. “श्वास धरून ठेव. बोलायचं नाही. मी बोलतो.”

*

सालोमे उजाडायच्या आधीपासून घरात खांबाआड बसून अंगणाकडं बघत होती. नवरा गेल्यावर भावकीनं घराण्याचं नाव, म्हणजे कारभार, तिच्याच डोक्यावर ठेवला होता, कारण तिच्यासमोर पुरुषांचं भांडण फार वेळ टिकायचं नाही. दोन पोरं वल्ही घेऊन बाहेर. तिसरा, लाफाएले, हात गळ्यात अडकवून तिच्या शेजारी.

“उचलू?” तिनं त्याला विचारलं.

“तो आहे का खाली? का मामालाच पाठवलंय?”

“पाय चार दिसतायत.”

लाफाएलेनं थोडा विचार केला. “मग उचल.”

ती गेली. वाकून चटईची कड धरली, अर्धी वर केली, आणि तशीच थांबली. अंगणात सगळ्यांनी श्वास रोखले. सालोमेनं मात्र ओढला.

“कारभारी,” ती म्हणाली, “कोण प्यालंय?”

“मी,” लेउतु म्हणाला.

मागं इओसुआच्या घशातून बेडूक चिरडल्यासारखा आवाज निघाला. लेउतु म्हणजे चर्चमध्ये उभा राहून दारूविरुद्ध सगळ्यात लांब भाषण करणारा माणूस.

“तुम्ही?”

“थंडी वाजत होती.”

“थंडी,” सालोमे म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम वाहत होता. सगळ्यांच्याच वाहत होता. “इथं?”

“मी प्यालोय, मावशी,” पोआसा म्हणाला. मान खालीच. “मामा कधी पीत नाहीत. मी प्यालोय.”

वल्हं घेतलेला थोरला पोरगा सरळ चालत आला. “माफी मागायला पिऊन आलास? आमच्या अंगणात?” त्यानं वल्हं वर घेतलं. रूता मागून उठली. एकदा बसल्यावर उठायचं नसतं, पण उठली. लेउतुनं दोन्ही हात भाच्याच्या डोक्यावर ठेवले आणि डोळे मिटले.

“चटई माझ्या हातात आहे,” सालोमे म्हणाली. आवाज चढवला नाही. “मी अजून ना उचललीय, ना टाकलीय. वल्हं खाली घे.”

वल्हं खाली आलं. पण जमिनीपर्यंत नाही.

लाफाएले घरातून चालत आला आणि पोआसासमोर उकिडवा बसला.  “मी तुला नावानं हाक मारत होतो,” तो म्हणाला. “माहितीय? तू कोयता मारत होतास आणि मी म्हणत होतो, पोआसा, अरे मी आहे. तू बघत होतास माझ्याकडं. पण ओळखत नव्हतास.”

“मला आठवत नाही.” पोआसाच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं. “आठवायला पाहिजे होतं. कुणीतरी सांगतं तेव्हा मला वाटतं, असलं कोण करील? मग कळतं, मीच.”

“मला आठवतं,” लाफाएले म्हणाला. “रोज.” आणि आईकडं बघून मान हलवली.

सालोमेनं चटई पूर्ण उचलली. नीट घडी घातली, छातीशी धरली. मागच्या माणसांच्या तोंडून सुस्कारा निघाला. लेउतु आभाराचं भाषण करायला घसा साफ करायला लागला.

“थांबा,” ती म्हणाली. “माफी दिली. पण सोमवारी कोर्टात येऊन मिटलं म्हणून सांगणार नाही.”

“बाई, माफी दिली म्हणजे मिटलंच की. रिवाज आहे आपला.”

“माफी माझ्या पोराच्या हाताची. ती माझ्याकडं होती, दिली. याच्या दारूची माफी मी कुठून देऊ? ती काय माझी आहे? सेमोनं माफ केलं, मग होडी जळाली. मास्तरांनी माफ केलं, मग माझ्या पोराचा हात गेला. आम्ही माफ करत जातो, आणि हा पुढच्या घराकडं सरकत जातो.”

“कोयता यानं उचलला, ते मी नाकारत नाही—”

“यानंच उचलला. म्हणून माफी यानं मागायची. तुम्ही नाही. आणि दारू याला एकट्याला सुटत नाही, म्हणून ती कुणीतरी सोडवायची. ही दोन कामं वेगळी, कारभारी. तुम्ही पहिलं करून दुसरं झालं म्हणताय.” ती रूताकडं वळली. “ते कोर्ट आहे ना, दारूवाल्यांचं? याला तिथं घाला. मग मी येते आपियाला आणि सांगते, आम्ही माफ केलंय. आधी नाही. आणि आत्ता नर्सला बोलवा. याची मान बघा.”

पोआसाची मान एका बाजूला ताठ झाली होती. रूता धावत सुटली, सगळ्या गावाच्या अंगणांसमोरून. लाफाएलेनं चांगला हात त्याच्या डोक्याखाली घातला.

*

पोआसाला दवाखान्यात पोचवून घरी आल्यावर लेउतु बाटलीबद्दल बहिणीला काही बोलला नाही. बोलता येत नव्हतं. जेवताना तिनं उकडलेला तारोचा कंद वाढला, त्यानं खाल्ला. तिनं विचारलं, “मिटलं का?” तो म्हणाला, “माफ केलं.” ती वाट बघत राहिली, आणखी काही बोलेल म्हणून. त्यानं ताट तिच्याकडं सरकवलं आणि उठला. ती रात्रभर जागी होती, हे त्याला माहीत होतं, कारण तोही जागा होता.

सोमवारी पोआसाला दवाखान्यातून थेट दारूवाल्यांच्या कोर्टात आणलं; लेउतुनं या वेळी रूताला अडवलं नव्हतं. औषधानं थरथर थांबलेली, पण सदरा खांद्यावरून लोंबत होता. कोर्टात सालोमे आली होती, शेवटच्या बाकावर, लाफाएलेला घेऊन. तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. ती वाट बघत होती.

जजबाईंनी विचारलं, गुन्हा कबूल? पोआसानं कबूल केला. दारू सुटत नाही, हे कबूल? त्याला दोनदा विचारावं लागलं, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.

मग जजबाई म्हणाल्या, “या उपचारात माणूस घरी राहून औषधपाणी घेतो. पण घर कोरडं पाहिजे. नसेल तर मी याला घरी पाठवू शकत नाही, तुरुंगात बसून शिक्षेची वाट बघावी लागेल. आई कोण?”

वाइतोआ उभी राहिली. चर्चचा पांढरा झगा, पांढरी टोपी.

“तुमच्या घरात दारू असते का?”

लेउतुनं नजर जमिनीवर ठेवली. त्याला खरं माहीत होतं आणि तो बोलू शकत नव्हता. आक्कानं नाही म्हटलं की पोरगं संध्याकाळी घरी. तेलाच्या बाटल्यांपाशी. हो म्हटलं की पोरगं तुरुंगात. पोआसा आईकडं बघत होता आणि हळूच मान हलवत होता: नाही म्हण. नाही म्हण, आई. रूताला आईच्या बाटलीचं काहीच ठाऊक नव्हतं. उत्तर सोपंच असल्यासारखी ती आईकडं बघत होती.

“असते,” वाइतोआ म्हणाली.

जजबाईंनी मान वर केली.

“मीच आणते. माफी मागायला जायच्या आधी मीच पाजली याला. हा मरेल असं वाटलं मला.” तिनं झग्याची बाही मुठीत धरली होती. “काल रात्री सगळी नाल्यात ओतली. पण ओतली म्हणून काय झालं? तो परत तसा थरथरला की मी परत आणेन. मला माहितीय ना मी कशी आहे ते.”

रूतानं तोंडावर हात ठेवला. 

“मग मी काय करू?” जजबाईंनी विचारलं. त्यांनी ते खरंच विचारलं होतं, दटावलं नव्हतं.

“याला शिकवणार ना तुम्ही?” वाइतोआ म्हणाली. “मलापण शिकवा. याला नाही कसं म्हणायचं ते.”

जजबाई शेजारच्या बाईशी खाली वाकून काहीतरी बोलल्या. मागच्या बाकावर सालोमे, माफ केल्याचं सांगायला, उठून उभी राहिली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि तिला बसा म्हणायची कुणाची छातीपण झाली नाही.

“आजपासून मुलगा दवाखान्यातच राहील,” जजबाई म्हणाल्या. “शिकवणी गुरुवारी सुरू होते. त्यानंतर घराचं बघू. गुरुवारी या, दोघंही.”

“तिघं,” मागून लेउतु म्हणाला.